तोंड मिटून, हिशेब उघडून

चि. भाचीस,


तुझ्या आईने फोनवर सांगितलं, "दादा, पोरगी एल्डर झाली." मी म्हटलं, झाली नाही, निवडून आली. ती चिडली, मास्तरकीची खोड जात नाही, बातमीलाही लाल शाई लावतोस, म्हणाली. पण फरक आहे आणि तो तुला ठाऊक असलेला बरा. तुमच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन चर्चच्या नियमपुस्तकाप्रमाणे मंडळीने मतं दिली की अर्धंच काम होतं. पुढे काही दिवस अभ्यास, मग सेशनसमोर, म्हणजे पाळक आणि एल्डरांच्या कमिटीसमोर, बसून तपासणी: तुझा विश्वास काय, सिद्धांत किती कळलाय, मंडळीचा कारभार कसा चालतो, तुझं काम कोणतं. त्यानंतर भर उपासनेत प्रश्न आणि डोक्यावर हात ठेवून दीक्षा. तोवर तू निवडलेली आहेस, एवढंच.

तू पाठवलेली आचारसंहिता वाचली. तुझा प्रश्न मला आवडला. यातलं खरोखर पाळायचं कोणतं आणि सहीपुरतं कोणतं, असं सरळ विचारलंस. सही सगळ्यावर कर. पण कागदावर सगळी कलमं एकाच आकाराच्या अक्षरांत असतात, आणि मंडळीचं नुकसान मात्र सगळ्या कलमांनी सारखं होत नाही. लोक एल्डरचं काय बघतात? लग्नात ग्लास हातात धरला का, रविवारी बाकावर दिसला का, पोरांनी काय कपडे घातले. आमच्या भागात मी मंडळ्या फुटताना पाहिल्यात. दारूच्या ग्लासावरून फुटलेली एकही आठवत नाही. कमिटीतलं बोलणं बाहेर गेल्यामुळे फुटल्या, हिशेब न दाखवल्यामुळे फुटल्या, आणि आपल्याच भावकीचा माणूस पुढे करण्यावरून तर कितीतरी फुटल्या.

एल्डरच्या आचरणाची एवढी चिकित्सा का होते, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. १५४१ साली धर्मसुधारक कॅल्विनने जिनिव्हात मंडळीच्या कारभाराची घडी बसवली. पाळक, शिक्षक, एल्डर आणि डीकन अशी चार पदं. एल्डर बारा, सगळे शहराच्या कौन्सिलांतून घेतलेले, आणि घेतानाच हे पाहिलेलं की गावाचा प्रत्येक भाग कुणाच्या तरी नजरेखाली यावा. दर गुरुवारी पाळकांसह त्यांची बैठक भरे. नाचलेले, अचकट विचकट गाणी म्हटलेले, प्रवचनाला दांडी मारलेले, अजून जुन्या लॅटिन प्रार्थना पुटपुटणारे, सगळ्यांना तिथे बोलावणं जाई. आज वाचताना हसू येतं. पण बायकोला मारणारा नवराही त्याच बैठकीत उभा केला जाई, आणि वर्षानुवर्षं न बोलणारे शेजारी तिथेच हातात हात देत. म्हणून मी त्या लोकांना सरसकट नावं ठेवत नाही. नजर ठेवण्याचं काम त्यांनी काळजीपोटीही केलं. पण काळजी कुठे संपते आणि पहारा कुठे सुरू होतो, हे पहाऱ्यावरच्या माणसाला सहसा कळत नाही.

स्कॉटलंडमध्ये हे फार पुढे गेलं. गावच्या सेशनपुढे दोषी ठरलेल्या माणसाला उपासनेच्या वेळी सगळ्यांसमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसावं लागे. प्रभुभोजनाआधी पाळक आणि एल्डर पात्र माणसांना धातूचे छोटे बिल्ले वाटत. बिल्ला नसेल त्याला मेजाशी जागा नाही. आता विचार कर, शेजाऱ्याच्या घरचा बिल्ला तुझ्या खिशात असेल तर तू शेजाऱ्याशी कशी बोलशील? आणि शेजारी तुझ्याशी काय बोलेल?

रॉबर्ट बर्न्स हा कवी त्याच वातावरणात वाढला. मॉखलिन गावच्या सेशनने त्याच्या एका वकील मित्रावर, गॅव्हिन हॅमिल्टनवर, रविवार न पाळल्याचे आणि घरात प्रार्थना न घेतल्याचे आरोप ठेवले. प्रकरण वरच्या प्रेस्बिटेरीत, म्हणजे अनेक मंडळ्यांच्या एकत्रित सभेत, गेलं आणि तिथे निकाल हॅमिल्टनच्या बाजूने लागला. यावर बर्न्सने १७८५ मध्ये ‘होली विलीज प्रेअर’ ही उपहासाची कविता लिहिली. तिच्यातला विली म्हणजे त्या सेशनचा खराखुरा एल्डर, विल्यम फिशर. कवितेत तो एकटाच देवापुढे बसलाय. आपली निवड झाली याबद्दल आभार मानतो, मग स्वतःच्या बाहेरख्यालीपणाची कबुली देता देता तिला सबब जोडतो, आणि शेवटी हॅमिल्टनला शिक्षा कर म्हणून गळ घालतो. पुढच्याच वर्षी खुद्द बर्न्सलाही त्याची प्रेयसी जीन आर्मर हिच्या प्रकरणात भर चर्चमध्ये कानउघाडणी ऐकून घ्यावी लागली. त्यामुळे तो काही निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. पण फिशरचं नाव आज जगाला माहीत आहे ते केवळ या कवितेमुळे. दीक्षेच्या आधी ती वाच. तुमच्या प्रशिक्षणात ती नेमलेली नसणार. मी असतो तर नेमली असती.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की आचरणाच्या अटी तुझ्यावर आहेत. दुसऱ्याला मोजायला तुला दिलेली ती पट्टी नव्हे. पौलाने तीमथ्याला आणि तीताला लिहिलेल्या पत्रांतली यादी पुन्हा काढून बघ. भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा, पाहुण्याला दार उघडणारा असावा, बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं. ही सगळी निवडायच्या माणसाविषयीची बोलणी आहेत. त्या यादीतलं पाहुणचाराचं कलम लोक हटकून गाळतात. दारूचं मात्र तोंडपाठ असतं.

तुला दीक्षेच्या वेळी नऊ प्रश्न विचारतील. शेवटचा सोडला तर तेच प्रश्न पाळकालाही विचारले जातात, हे लक्षात ठेव. त्यात श्रद्धेचे आहेत, पवित्र शास्त्राचे आहेत, चर्चच्या शिस्तीत राहण्याचे आहेत. एका प्रश्नात हळूच विचारलंय, सहकाऱ्यांशी मैत्रीने वागशील का. दुसऱ्यात म्हटलंय, लोकांची सेवा करताना बुद्धी आणि कल्पकता वापरशील का. चर्चच्या कागदात कल्पकतेचं वचन मागितलेलं पाहून मला गंमत वाटली. आमच्याकडे एल्डरने कल्पकता दाखवली की पहिली शंका हिशेबाची येते.

हिशेबाचंच घेऊ. तुमच्या नियमांत अर्पण मोजायला किमान दोन नेमलेली माणसं लागतात आणि दरवर्षी हिशेबाची तपासणी होते. कुणावर विश्वास नाही म्हणून हे नियम नाहीत. प्रामाणिक माणसावर उद्या बोट उठू नये म्हणून आहेत. कुणी म्हणेल, "अगं, मी तीस वर्षं मोजतोय, तू जा घरी." तू घरी जायचं नाहीस. हसून शेजारी बसायचं आणि नोटा लावायला लागायचं.

आमच्याकडचा कापणीचा सण तू लहानपणी पाहिला आहेस. वेदीपुढे भोपळे, ज्वारीची कणसं, गुळाच्या ढेपी, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि उपासनेनंतर लिलाव. एका गावात एक पुढारी एल्डर दरवर्षी सगळ्यांत मोठी बोली बोलायचा. टाळ्या पडायच्या, पाळक नाव घेऊन आभार मानायचे. पैसे मात्र पुढच्या कापणीपर्यंत यायचे नाहीत, आणि मागायचं कुणी? खजिनदार त्याचाच मेहुणा. त्याच मंडळीत मोलमजुरी करणारी एक बाई पाच अंड्यांचे पैसे तिथल्या तिथे मोजून द्यायची. ही अवस्था सगळ्यांना माहीत होती. ती कुठल्याच इतिवृत्तात नव्हती.

आता बोलण्याविषयी. सेशनमध्ये तुला अशा गोष्टी कळतील ज्या कळू नयेत असं वाटेल. कुणाची नोकरी गेलीय, कुणाचा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात आहे, कोणतं जोडपं वेगळं राहतंय. हे तुझ्या आईलाही सांगायचं नाही. विशेषतः तुझ्या आईला नाही. माझी बहीण आहे, मी ओळखतो तिला. "प्रार्थना करा हं, नाव सांगत नाही" असं म्हणत सगळं सांगून टाकायची आपल्या मंडळींत एक पद्धत आहे. चुगली ती चुगलीच, गुडघे टेकून केली तरी.

पण याच नियमाच्या आडून फार वाईट गोष्टीही झाकल्या जातात, म्हणून इथे जरा थांबतो. मुलाला कुणी हात लावला, शिबिरात काही घडलं, एखाद्या दुबळ्या माणसाला कुणी छळतंय असं कानावर आलं, तर तिथे गुप्तता संपते. मूल किंवा स्वतःचं रक्षण करू न शकणारी प्रौढ व्यक्ती धोक्यात असल्याचं कळलं तर दीक्षा झालेल्या माणसाने चर्चच्या आणि सरकारच्याही अधिकाऱ्यांना कळवायचं, असं तुमचं नियमपुस्तक सांगतं. आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांबाबत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने हे सगळ्यांवरच बंधनकारक केलंय. न कळवणं हा गुन्हा आहे. तरीही कमिटीत पहिलं वाक्य येतं ते "चर्चची अब्रू जाईल, आपसात मिटवू." हे वाक्य बोलणारे बहुधा दुष्ट नसतात. थकलेले, भिडस्त, त्या कुटुंबाबरोबर वर्षानुवर्षं जेवलेले असतात. म्हणूनच ते धोक्याचं आहे. तू आधी चौकशी करू नकोस, दोन्ही बाजू बसवून समेट करू नकोस, पाळकांच्या परवानगीचीही वाट पाहू नकोस. आधी कळव. बालसंरक्षणाचं लेखी धोरण प्रत्येक सेशनकडे असायलाच हवं. पहिल्याच महिन्यात ते मागून घे आणि कळवण्याचा फोन नंबर पाठ कर.

पाळकांचा विषय निघालाच आहे. सेशनचा अध्यक्ष पाळक असतो, पण मत देताना तुझं आणि त्याचं वजन सारखं. प्रेस्बिटेरीतही पाळक आणि एल्डर जवळपास बरोबरीच्या संख्येने बसावेत असा प्रयत्न असतो. कागदावर ही बरोबरी फार जुनी आहे. आपल्याकडे ती रुजली का नाही, याचं कारण मला आपल्याच इतिहासात दिसतं. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३१ मध्ये मुंबईत प्रेस्बिटेरियन पद्धतीची छोटी देशी मंडळी उभी केली. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि १८७० मध्ये त्यांचं मिशनचं काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. म्हणजे तू आज ज्या परंपरेत निवडून आलीस, त्याच परंपरेच्या लोकांनी तुझ्या पणजोबांच्या पिढीला सेशन म्हणजे काय ते शिकवलं. पण सेशनवरचा आपला माणूस पुष्कळदा मिशनच्याच शाळेत मास्तर असे नाहीतर मिशनच्याच दवाखान्यात कंपाउंडर. ज्याच्या हातून पगार घ्यायचा, त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बैठकीत हात कसा वर करायचा? सवय तिथे लागली. पुढे १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, बिशप आले. खुर्च्यांवरची माणसं बदलली. मान खाली घालायची सवय तशीच राहिली. तुला पाळकांशी उर्मटपणे वागायला सांगत नाही. त्यांचा आदर कर, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी फोन करू नकोस, त्यांचा पगार वेळेवर जातो का बघ. आणि पटलं नाही तर खोलीत, समोर, स्पष्ट बोल. बाहेर पार्किंगमध्ये बोलू नकोस.

मतदानात हरशील तेव्हा काय? विरोध नोंदवायची सोय आहे, कारणांसकट लेखीही देता येतो. ती वापरायला लाजू नकोस. १७५८ साली अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांचे दोन भांडलेले गट पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यांनी यावर एक रीत ठरवली. बहुमताने निर्णय झाला की मनापासून साथ द्यावी; ते जमत नसेल तर आडवं न येता मान्य करावं; सदसद्विवेकाला दोन्ही शक्य नसेल तर आपलं म्हणणं नम्रपणे पुरतं मांडून, फूट न पाडता, शांतपणे बाजूला व्हावं. चौथी वाट त्यांनी ठेवली नाही. बैठकीत गप्प राहायचं आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर लिहायचं, ही ती चौथी. आज सगळ्यांत जास्त वर्दळ तिच्यावरच आहे.

आणि ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो, ते आता सांगतो. तुला लोकांनी मत दिलं, पण तू त्यांची नगरसेविका नाहीस. तुमच्या नियमपुस्तकात हे उघड लिहिलंय, की एल्डरने केवळ लोकांची इच्छा पुढे मांडू नये, सगळ्यांनी मिळून ख्रिस्ताची इच्छा शोधावी. वाचायला सोपं वाटतं. वागायला एवढं अवघड दुसरं काही नाही. आमच्याकडे कमिटीच्या निवडणुकीत भावकी भावकीला मत देते, आणि निवडून आलेला माणूस तीन वर्षं त्या मतांची परतफेड करत बसतो. कबरस्तानातली जागा, शाळेतली शिपायाची नोकरी, नाताळच्या नाटकात योसेफाची भूमिका, सगळ्यात भावकी. अमेरिकेत भावकी नाही असं समजू नकोस. तिथे क्वायरची भावकी असते, जुन्या देणगीदारांची असते, नव्या तरुण कुटुंबांची असते. तुझ्या बाबतीत आणखी एक होईल. मंडळीत आलेली चार भारतीय कुटुंबं तुला आपली वकील समजतील, आणि बाकीचे तुझ्याकडे बघून म्हणतील, चला, आपल्या सेशनवर आता भारतीयही आहे. दोघांचंही मन न दुखवता दोघांनाही नाही म्हणायला शीक. आपल्या लोकांवर अन्याय होत असेल तर जरूर बोल. पण छप्पर गळतंय, पियानो विकायचा का, सेक्रेटरीचा पगार वाढवायचा का, यावरही तेवढ्याच अधिकाराने बोल. मतासाठी कोपऱ्यात घेऊन वचन मागणारा भेटेल. त्याला म्हण, चर्चा ऐकल्याशिवाय मी ठरवत नाही. आणि खरंच ऐकल्याशिवाय ठरवू नकोस. आपल्या घरच्या माणसाचा विषय निघाला, नोकरी असो की कंत्राट, तर आधी नातं सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. कुणी बाहेर जायला सांगायची वाट बघायची नाही.

तुझ्या आजीला हे सगळं करता आलं असतं. तिच्याइतकं मंडळीत कुणाला काही कळत नव्हतं, पण तिच्या उमेदीत कमिटीतला तिचा भाग चहापुरता होता. अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या प्रेस्बिटेरियन चर्चने बायकांना एल्डर व्हायची मुभा १९३० साली दिली, स्कॉटलंडच्या चर्चने तर १९६६ साली. तेव्हा बैठकीत कुणी तुझ्याकडे बघून चहाचं विचारलं, तर एकदा कर, आणि पुढच्या वेळी त्यालाच कपबशा कुठे आहेत ते दाखव.

तुझी मुदत तीन वर्षांची. पुन्हा निवडलं तर सलग सहापर्यंत, मग किमान एक वर्ष बाहेर. दीक्षा आयुष्यभर राहते, खुर्ची राहत नाही. स्कॉटलंडच्या १५६० च्या पहिल्या शिस्तग्रंथात एल्डर दरवर्षी निवडावेत असं होतं, कारण पदावर फार काळ राहिलेला माणूस मंडळीच्या स्वातंत्र्यावर चढून बसेल ही भीती. १५७८ च्या दुसऱ्या ग्रंथाने ते पद जन्मभराचं करून टाकलं. मला पहिले लोक जास्त शहाणे वाटतात. मुदत संपली की खरंच ऊठ. नव्या एल्डरला "आम्ही असताना असं नव्हतं" हे वाक्य कधी ऐकवू नकोस, आणि किल्ल्या त्याच दिवशी दे.

राहिलं घरोघर जाण्याचं. हे आचारसंहितेत एका ओळीत उरकलंय, पण मी तर म्हणेन एल्डरचं निम्मं काम तेच. जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्याकडे प्रभुभोजन घेऊन जाता येतं. ते शिकून घे. जाताना उपदेश नेऊ नकोस. घड्याळाकडे बघू नकोस. म्हातारी माणसं तेच तेच सांगतील, ऐकायचं. निघताना विचार, काही आणायचं आहे का. आणि औषध सांगितलं तर औषधच आण, फुलं नको.

पहिल्या बैठकीआधी सेशनची मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं मागून सगळी वाच. ती वर्षातून एकदा प्रेस्बिटेरीकडे तपासणीला जातात, त्यामुळे नीट लिहिलेली असतील. कोणता विषय तीनदा पुढे ढकलला गेलाय त्यावर पेन्सिलने खूण कर. पहिल्या बैठकीत त्यावर बोलू नकोस. दुसऱ्या बैठकीत विचार.

तुझा मामा